ई-मेलवरील शिक्कामोर्तब: फुकट मिळते, पण सांभाळावे लागते

आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांचा परगावचा, विशेषतः परदेशचा पत्रव्यवहार आता जवळजवळ सगळा ई-मेलवर होतो. धारावीच्या चामडी पिशव्या असोत, सोलापूरचे टॉवेल असोत, भिवंडी-मालेगावचे कापड असो की आखातात जाणारा रत्नागिरीचा हापूस, मालाची मागणी, भावाची घासाघीस, प्रोफॉर्मा बिल आणि शेवटी पैसे कोणत्या खात्यावर पाठवायचे तो खाते क्रमांक, सारे याच वाटेने जाते-येते. दुकानाला दोन कुलपे लावणारा आणि गल्ल्याची चावी सहजासहजी कुणाच्या हाती न देणारा आपला व्यापारी हा खाते क्रमांक मात्र उघड्या पत्रातून, सहीशिक्क्याविना पाठवतो. ही गोष्ट आम्हाला धोक्याची वाटते, म्हणून या विषयावर थोडे विस्ताराने लिहीत आहोत.

ई-मेलवर पक्की सही करण्याची आणि त्याला कुलूप लावण्याची सोय गेली तीस वर्षे उपलब्ध आहे. त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र विनामूल्यही मिळू शकते. तरीही आपल्या बाजारपेठांत ते घेणारे फार थोडे. आमचे मत असे की, ज्याचा बाहेरगावी ई-मेलवर व्यवहार आहे त्याने ही सोय जरूर करून घ्यावी. पण 'फुकट मिळाले, काम झाले' असे समजून स्वस्थ बसू नये. हे प्रमाणपत्र काय सांगते, काय सांगत नाही आणि त्याची किल्ली कुणाच्या हातात राहते, हे कळल्याखेरीज त्याचा उपयोग नाही.

उघड्या पत्राचा धोका

ई-मेल म्हणजे पाकीटबंद टपाल नव्हे, ते पोस्टकार्ड आहे. ज्या नियमांवर ई-मेलची ने-आण चालते ते १९८२ साली ठरले. त्या वेळी हे जाळे मुख्यतः विद्यापीठे, संशोधन संस्था व सरकारी खाती यांच्यापुरते होते. पाठवणाऱ्याने स्वतःचे म्हणून जे नाव लिहिले ते खरे मानायचे, अशी ती पद्धत. पुढे बऱ्याच सुधारणा झाल्या. एका मेल-केंद्रापासून दुसऱ्यापर्यंतचा रस्ता आता बहुतेक ठिकाणी कुलूपबंद असतो. पत्र कोणत्या डोमेनवरून आले याचीही तपासणी होते. पण ठगाने आपल्या पेढीच्या नावाशी मिळतेजुळते, एका अक्षराचा फरक असलेले डोमेन विकत घेतले तर त्याचे पत्र या तपासणीतून बिनबोभाट पार होते. आणि आपल्या मेलपेटीचा पासवर्डच त्याच्या हाती लागला तर मग विचारायलाच नको.

हे ठग घाई करत नाहीत. पेटीत शिरल्यावर ते कित्येक दिवस गप्प बसून पत्रे वाचतात. कोणता माल निघाला, रक्कम किती, पैसे कोणत्या तारखेला यायचे, मालक पत्राच्या शेवटी काय लिहितो, सारे टिपून घेतात. मग नेमक्या वेळी गिऱ्हाईकाला पत्र जाते की, 'आमच्या खात्याचे ऑडिट चालू आहे, या वेळची रक्कम या नव्या खात्यावर पाठवावी.' गिऱ्हाईक इमानदारीने पैसे पाठवते. माल बंदरातून सुटलेला असतो. मग गिऱ्हाईक म्हणते आम्ही पैसे दिले, व्यापारी म्हणतो आम्हाला मिळाले नाहीत. दोघेही खरे बोलत असतात आणि वर्षानुवर्षांचा संबंध तुटतो.

ही कल्पनेतली भीती नव्हे. अमेरिकेच्या एफबीआयकडे २०२३ या एका वर्षात धंद्याच्या ई-मेलमधील अशा फसवणुकीच्या ज्या तक्रारी आल्या, त्यांतील नुकसान सुमारे २९० कोटी डॉलर होते. आणि फसतात ते भोळेच, असेही नाही. एव्हाल्दास रिमासाउस्कास नावाच्या लिथुआनियातील माणसाने तैवानच्या क्वांटा या कंपनीच्या नावाची दुसरी कंपनी लाटव्हियात काढली आणि २०१३ ते २०१५ या काळात गूगल व फेसबुक यांना खोटी बिले व ई-मेल पाठवून १० कोटी डॉलरहून अधिक रक्कम उकळली. डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेतील न्यायालयाने त्याला पाच वर्षांची शिक्षा दिली. ज्यांनी जगाला ई-मेल पुरवला त्यांच्याच हिशेबखात्याला खोटे पत्र ओळखता आले नाही, तर आपल्या पेढीवरच्या मुनीमजींना दोष कसा द्यावा?

शिक्का आणि मोर्तब

यावरचा उपाय आपल्या भाषेतच दडलेला आहे. 'शिक्कामोर्तब' हा शब्द आपण रोज वापरतो. तो अरबी-फारसी दफ्तरांच्या परंपरेतून मराठीत आला. जुन्या दफ्तरी पत्रात वरच्या बाजूला शिक्का असे आणि मजकूर संपला की तेथे मोर्तब उठवीत. शिक्क्याने पत्र कुणाचे ते कळे आणि मोर्तब झाल्यावर त्याखाली कुणाला एक ओळही वाढवता येत नसे. हुंडीतही अशीच खबरदारी असे. रक्कम लिहिताना पुरा आकडा देऊन शिवाय तिची निमपट लिहीत आणि 'त्याची दुप्पट' असा खुलासा करीत, म्हणजे एखादे शून्य वाढवून कुणी हजाराचे दहा हजार करू नयेत.

डिजिटल सही हीच दोन कामे करते. तिच्यासाठी किल्ल्यांची एक जोडी तयार होते. एक खासगी किल्ली, जी फक्त आपल्याजवळ राहते, आणि दुसरी जाहीर किल्ली, जी कुणालाही द्यावी. पत्र लिहून झाले की संगणक त्या मजकुराचा एक ठसा काढतो आणि तो खासगी किल्लीने सही करून पत्राला जोडतो. घेणाऱ्याचा संगणक आपल्या जाहीर किल्लीने तो ठसा ताडून पाहतो. मजकुरातला एक आकडा जरी बदलला असेल तरी ठसा जुळत नाही आणि पडद्यावर इशारा येतो.

कुलपाचे काम उलट बाजूने चालते. आपण गिऱ्हाईकाच्या जाहीर किल्लीने पत्र बंद करायचे, ते फक्त त्याच्या खासगी किल्लीने उघडते. म्हणजे कुलूपबंद पत्र पाठवायचे तर समोरच्याजवळही किल्ल्या हव्यात. सही मात्र आपण एकट्यानेही सुरू करू शकतो. सही केलेल्या पत्राबरोबर आपली जाहीर किल्ली आपोआप जाते, म्हणून दोघांनी एकमेकांना एकेक सहीचे पत्र पाठवले की पुढची पत्रे कुलूपबंद करता येतात. मात्र पत्राचा विषय, तारीख आणि कुणी कुणाला लिहिले हे साधारणपणे उघडेच राहते. तेव्हा विषयाच्या ओळीत रक्कम किंवा खाते क्रमांक लिहू नये.

या पद्धतीला 'एस-माइम' म्हणतात. ती १९९५ च्या सुमारास पुढे आली. आउटलुक, अ‍ॅपलचा मेल आणि फुकट मिळणारा थंडरबर्ड यांत तिची सोय आहे. जीमेलच्या विनामूल्य खात्यात ब्राउझरवर ही सोय नाही, पण तेच खाते थंडरबर्डमध्ये उघडून सही करता येते.

फुकटचे प्रमाणपत्र किती सांगते?

जाहीर किल्ली अमुक पत्त्याचीच आहे असे सांगणारा कागद म्हणजे प्रमाणपत्र. ते देणाऱ्या संस्था जगभर आहेत आणि त्यांतील काहींनी वेळोवेळी ते फुकट दिले. यात सर्वांत लक्षात राहण्यासारखी संस्था दक्षिण आफ्रिकेतील थॉट. मार्क शटलवर्थ यांनी १९९५ साली ती काढली. ती ई-मेलचे प्रमाणपत्र विनामूल्य देई, पण त्यात माणसाचे नाव यायचे असेल तर ५० गुण मिळवावे लागत. हे गुण देणारे लोक जगभर पसरलेले स्वयंसेवक होते. त्यांना समक्ष भेटून ओळखपत्र दाखवावे लागे, आणि एकाच माणसाच्या शब्दावर पुरेसे गुण मिळत नसत. आपल्याकडे उधारीवर माल देण्यापूर्वी बाजारातल्या दोन जाणत्या माणसांना विचारतात, तीच ही रीत. १९९९ साली ही संस्था व्हेरीसाइनने विकत घेतली आणि नोव्हेंबर २००९ मध्ये फुकट प्रमाणपत्रे व ओळखीची ही सारी व्यवस्था बंद झाली.

पुढे इस्रायलची स्टार्टकॉम फुकट प्रमाणपत्रे देऊ लागली. तिच्या मालकीत गुपचूप बदल झाल्याचे व कारभारात गैरप्रकार असल्याचे उघडकीस आल्यावर २०१६ पासून ब्राउझर कंपन्यांनी तिच्यावरचा विश्वास काढून घेतला आणि २०१८ साली तिने काम थांबवले. कोमोडो या मोठ्या संस्थेचे फुकट ई-मेल प्रमाणपत्र बरीच वर्षे लोकप्रिय होते, तेही बंद झाले. अलीकडच्या वर्षांत इटलीची अ‍ॅक्टालिस ही संस्था एक वर्ष मुदतीचे प्रमाणपत्र विनामूल्य देत आली आहे. संकेतस्थळांसाठी फुकट प्रमाणपत्रे देणारी लेट्स एन्क्रिप्ट २०१५ पासून आहे, पण ती ई-मेलची प्रमाणपत्रे देत नाही. या इतिहासाचा धडा एवढाच की, दुसऱ्याने फुकट दिलेली सोय तो हवी तेव्हा काढून घेऊ शकतो. तिच्यावर पेढीचा सारा कारभार टांगू नये.

आता हे प्रमाणपत्र मिळते कसे ते पाहावे. अर्जात ई-मेलचा पत्ता द्यायचा, त्या पत्त्यावर एक सांकेतिक शब्द येतो, तो परत लिहून दिला की प्रमाणपत्र तयार. १ सप्टेंबर २०२३ पासून या प्रमाणपत्रांसाठी जगभर एकसारखे नियम लागू झाले आहेत आणि त्यांत ही सर्वांत खालची पायरी आहे. ते फक्त 'ही पेटी या माणसाच्या ताब्यात आहे' एवढेच सांगते. माणूस कोण, पेढी कोणती, ती खरोखर आहे की नाही, याची कुणीही चौकशी केलेली नसते.

येथेच खरी मेख आहे. ठगाने आपल्या नावाशी जुळणारे डोमेन घेतले तर त्या पत्त्याचे फुकट प्रमाणपत्र त्यालाही मिळते. आपल्या पेटीचा पासवर्ड चोरला तर आपल्याच पत्त्याचे नवे प्रमाणपत्र तो काढू शकतो. म्हणून नुसती 'सही आहे' ही खूण पुरेशी नाही. ती सही नेहमीचीच आहे का, हे पाहणे भाग आहे. प्रत्येक किल्लीला आकडे व अक्षरे मिळून एक लांबलचक ओळखठसा असतो. पहिल्या व्यवहाराच्या वेळी गिऱ्हाईकाला फोन करून तो एकदा वाचून दाखवावा आणि बदलला की पुन्हा कळवावा. पेटीला पासवर्डखेरीज दुहेरी पडताळणी लावावी. एवढे केले तर फुकटच्या प्रमाणपत्राला किंमत येते.

आणखी एक गोष्ट इमानदारीची. काही संस्था फुकट प्रमाणपत्र फक्त खासगी वापरासाठी देतात. अटी वाचाव्यात. अट तशी असेल तर पेढीच्या बिलांवर ते वापरणे म्हणजे दिलेला शब्द मोडणे आहे. अशा वेळी विकतचे प्रमाणपत्र घ्यावे किंवा पुढे सांगितलेली वाट धरावी.

किल्ली कुणाच्या हाती?

फुकट प्रमाणपत्रात दुसरे एक पाहायचे ते किल्ली कोठे तयार होते हे. खासगी किल्ली आपल्याच संगणकावर तयार व्हावी हा शहाणपणाचा नियम. काही ठिकाणी मात्र ती देणाऱ्या संस्थेच्या संगणकावर तयार होऊन आपल्याला पाठवली जाते. म्हणजे आपल्या तिजोरीची चावी आपल्याआधी कुलूपवाल्याच्या हातात होती. त्याने नक्कल ठेवली नसेलही, पण आपल्याला ते त्याच्या शब्दावरच मानावे लागते. साध्या पत्रव्यवहाराला हे चालेल, मोठ्या रकमेच्या व्यवहाराला चालू नये.

मिळालेल्या किल्लीची एक प्रत पासवर्ड लावून पेन ड्राइव्हवर घ्यावी आणि ती दुकानात न ठेवता घरी ठेवावी. किल्ली हरवली तर कुलूपबंद करून आलेली जुनी पत्रे आपल्यालाही कधी उघडता येत नाहीत. मुदत संपून नवी किल्ली घेतली तरी याच कारणासाठी जुनी फेकू नये. किल्ली चोरीला गेल्याचा संशय आला तर प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला सांगून ते रद्द करवावे आणि गिऱ्हाइकांना फोनवर कळवावे.

दुसरी वाट

कोणत्याही संस्थेच्या मर्जीवर अवलंबून नसलेली एक वाट आहे. फिल झिमरमन यांनी १९९१ साली पीजीपी नावाचा कार्यक्रम लोकांना दिला. त्याच पद्धतीचा जीएनयूपीजी हा कार्यक्रम सर्वांना विनामूल्य खुला आहे, आणि २०२० पासून थंडरबर्डमध्ये ही सोय आतूनच मिळते. यात किल्ली आपणच आपल्या संगणकावर बनवतो. तिला कुणाचे प्रमाणपत्र लागत नाही, वर्षाचे नूतनीकरण लागत नाही आणि धंद्यासाठी वापरण्यास मनाई नाही.

अडचण एवढीच की, 'ही किल्ली अमक्याचीच' असे सांगणारे मध्यस्थ येथे कुणी नाही. ती खात्री दोघांनी आपसात करून घ्यायची. आमच्या मते ओळखीपाळखीवर चालणाऱ्या आपल्या व्यापाराला हीच पद्धत अधिक मानवेल. तिचा ओळखठसा साधारणपणे चाळीस चिन्हांचा असतो आणि किल्ली बदलेपर्यंत तोच राहतो. तो व्हिजिटिंग कार्डावर, बिलबुकावर, लेटरहेडवर छापून टाकावा. प्रदर्शनात भेटलेल्या परदेशी गिऱ्हाईकाच्या हातात कार्ड गेले की ओळख पक्की झाली.

सरकारी सही वेगळी

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. जीएसटी, कंपनी खाते, सरकारी निविदा यांसाठी जी डिजिटल सही यूएसबी टोकनवर मिळते ती आणि हे फुकट प्रमाणपत्र एक नव्हे. सरकारी सहीला माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चा आधार आहे आणि ती केंद्र सरकारच्या नियंत्रकाने परवाना दिलेल्या संस्थाच देतात. परदेशी संस्थेचे फुकट प्रमाणपत्र जीएसटीच्या कामाला चालत नाही. उलट आपली सरकारी सही परदेशी गिऱ्हाईकाचा संगणक ओळखेलच असेही नाही.

याहून मोठी चिंता आम्हाला वेगळीच वाटते. कितीतरी व्यापारी हे टोकन आणि त्याचा पिन हिशेबनिसाच्या किंवा कर सल्लागाराच्या हवाली करून मोकळे होतात. तो माणूस प्रामाणिक असेल, पण त्याच्या ड्रॉवरमध्ये अनेकांच्या सह्या एकत्र पडलेल्या असतात आणि कायद्याच्या नजरेत त्या सहीने झालेले प्रत्येक काम मालकाचे. कोऱ्या चेकबुकावर सह्या करून कुणी दुसऱ्याच्या घरी ठेवील काय? ज्याला ही सवय आहे, त्याने ई-मेलची किल्ली घेतली तरी तिची हीच गत होणार. आधी ही सवय मोडली पाहिजे.

काही बांधव म्हणतील, आमचे सारे व्हॉट्सअ‍ॅपवर चालते. व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश २०१६ पासून कुलूपबंद जातात हे खरे, आणि घरगुती ऑर्डरीला तेवढे पुरेही. पण परदेशी खरेदीदार, त्याची बँक आणि माल पाठवणारा एजंट आजही बहुतेक कागद ई-मेलवरच मागतात. काही म्हणतील, गिऱ्हाईकालाच हे समजत नाही. मग आपण समजावून सांगावे. जो व्यापारी पहिल्याच पत्रात 'आमचा खाते क्रमांक सहीच्या पत्राखेरीज व फोनखेरीज बदलणार नाही' असे लिहितो, त्याच्याविषयी गिऱ्हाईकाचा भरवसा वाढतोच.

संघटनांनी पुढे यावे

उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा आणि त्याला साक्षीदार असावेत, ही कुरआनची शिकवण (सूरह अल-बकरा, आयत २८२) आपल्या बांधवांना नव्याने सांगायला नको. व्यवहार कागदावरून पडद्यावर गेला म्हणून लेखी पुरावा व साक्ष यांची गरज संपलेली नाही. पण एकट्या कारागिराला हे सारे जमवणे जड जाते. संगणक पुतण्याच्या ताब्यात, पासवर्ड दुकानातल्या पोराजवळ, अशी अनेक ठिकाणी स्थिती आहे.

म्हणून आमची सूचना व्यापारी संघटनांना, यंत्रमागधारकांच्या मंडळांना आणि कारागिरांच्या सहकारी संस्थांना आहे. महिन्यातून एक दुपार कार्यालयात शिबिर ठेवावे. कॉलेजात संगणक शिकणारी आपलीच मुले-मुली तेथे बसवावीत. सभासदाने स्वतःचा लॅपटॉप घेऊन यावे, किल्ली त्याच्याच यंत्रावर, त्याच्याच हाताने बनावी आणि प्रत त्याच्याच पेन ड्राइव्हवर जावी. मदत करणाऱ्याने पासवर्ड विचारू नये. त्यानंतर संघटनेच्या दोन जबाबदार माणसांनी दुकानाचा परवाना व ओळखपत्र पाहून त्या सभासदाचा ओळखठसा नोंदवहीत लिहावा आणि कुणी विचारील तेव्हा खात्रीने सांगावा. थॉटच्या स्वयंसेवकांनी जे काम केले, ते आपापल्या पेठेपुरते आपल्याला का जमू नये? यात खर्च म्हणाल तर चहाचा.

तोवर प्रत्येकाने एवढे आजपासून पाळावे. खाते बदलल्याचे पत्र आले, मग ते सहीचे असो वा बिनसहीचे, तर पत्रातल्या नंबरावर फोन न करता आपल्या जुन्या वहीतल्या नंबरावर करावा आणि ओळखीचा आवाज ऐकल्याशिवाय पैसे सोडू नयेत. देशातल्या देशात पैसे पाठवताना आधी लाभार्थीचे नाव ताडून पाहावे. आरटीजीएस व एनईएफटीसाठी ही सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत द्यावी असे रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले होते. आणि एवढे करूनही पैसे गेलेच तर लाजेखातर गप्प न बसता त्याच घटकेला बँकेला कळवावे आणि १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. पहिल्या काही तासांत हालचाल झाली तर रक्कम अडवता येण्याची आशा असते. नंतर ती खात्यामागून खात्यांत फिरून दिसेनाशी होते, आणि मग कारागिराची मजुरी, सुताचे बिल आणि घरचा हप्ता हे सारे एकदमच दाराशी येऊन उभे राहते.